इंचभर वर

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला वॉचमनची केबिन, उजव्या हाताला नोटीस बोर्ड आणि समोर गतिरोधक. गतिरोधक हा शब्द फक्त ठरावात आहे. एरवी सगळे त्याला बांध म्हणतात, दोन भावांच्या वाटणीत शेताच्या मध्ये घालतात तसला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असला तर ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून अलगद वर जाते आणि अलगद खाली येते. आमचा बांध मी स्वतः टेप लावून मोजलाय. उंची १७ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम दीड फूट. कंत्राटदाराकडे पाण्याच्या टाकीचं काँक्रीट उरलं होतं आणि ते परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

ठराव मीच मांडला होता. सेक्रेटरी मीच. सकाळी दूधवाला मोटारसायकल भरधाव आत आणतो आणि तळमजल्यावरच्या काकांचा नातू थोडक्यात वाचला, असं त्याला कारण घडलं. बांध झाला. पावसाचं पाणी वाहून जायला दोन्ही कडांना वीतभर फट ठेवली. दूधवाला त्या फटीतून जातो. पूर्वीपेक्षा जरा जास्तच वेगाने, कारण हळू गेलं तर तोल जातो असं त्याचं म्हणणं.

राहिल्या मोटारी. माझी स्विफ्ट २०१२ सालची. तिचं पोट जमिनीपासून १७० मिलीमीटर वर आहे असं कंपनीच्या कागदावर लिहिलेलं. १७ सेंटीमीटर आणि १७० मिलीमीटर हे एकच, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. त्यातही कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा. आमची गाडी रिकामी कधी नसते. मागे आई, सासूबाई आणि त्यांच्या मध्ये बसलेली डाळिंबांची पिशवी एवढं झालं की पोट चांगलं दोन-तीन बोटं खाली येतं. मग बांधावर आलं की ‘खर्रर्र’. तो आवाज गाडीच्या पोटातून निघतो आणि मालकाच्या पोटात जातो.

त्यावर आम्ही एक पद्धत बसवली होती. बांधाच्या अलीकडे गाडी थांबवायची. आई उतरायची, सासूबाई उतरायच्या, बायको डाळिंबं घेऊन उतरायची. मी एकटा तिरपी गाडी बांधावरून काढायचो, चेंबर शाबूत आहे का ते खाली वाकून बघायचो. तोवर मंडळी चालत येऊन पुन्हा बसायची आणि उरलेलं चाळीस फूट अंतर आम्ही गाडीने जायचो. वॉचमन रोज उठून उभा राहायचा. आधी मला वाटायचं, आदराने.

अशा वेळी मेहुणा आला. मेहुण्याला गाड्यांतलं कळतं. म्हणजे तो तसं म्हणतो आणि घरात दुसऱ्या कोणाला कळत नसल्यामुळे ते खरं ठरतं. गाडीखाली न वाकताच तो म्हणाला, “दाजी, मागे रबर टाका. चारशे-पाचशेचं काम आहे. इंचभर उचलते.”

ज्यांना हे रबर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचं ते रबराचं जाड कडं असतं. ते बसलं की स्प्रिंगचा एक वेढा कामातून जातो, त्याला दबताच येत नाही. अख्खी स्प्रिंग कडक होते आणि गाडीची मागची बाजू वर राहते. दुकानदार मात्र हे सांगताना ‘आरामदायक’ हा शब्द वापरतो.

रबर बसलं. मागची बाजू वर आली. खर्रर्र बंद झालं. सासूबाई बांधावरून बसल्या बसल्या पलीकडे गेल्या, त्या दिवशी घरात शिरा झाला.

चार दिवसांनी जाणवलं की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपलं आपण सरळ येत नाही. पूर्वी हात सैल सोडला की ते बैल गोठ्याकडे वळावा तसं मध्यावर यायचं. आता जिथे सोडाल तिथेच. शिवाय रात्री दिवे रस्त्याऐवजी बंपरच्या समोरची दोन हात जमीन न्याहाळत होते. याचं कारण मला फार नंतर कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गडबडीत राहील. पुढचं चाक ज्या आसावर डावी-उजवीकडे वळतं तो आस थोडा मागे कललेला असतो. त्याला कास्टर म्हणतात. या कलण्यामुळेच चाक सरळ राहायला बघतं. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २,४३० मिलीमीटर अंतर. मागची बाजू २५ मिलीमीटर उचलली की अख्खी गाडी अर्ध्या अंशाहून जरा जास्त पुढे झुकते आणि कास्टर तेवढाच कमी होतो. अर्धा अंश ऐकायला काहीच नाही. लग्नाच्या पत्रिकेत मानापानाचं एक नाव राहून जावं इतकं छोटं, आणि परिणामही साधारण तेवढेच.

मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, “मग पुढूनही उचलायला पाहिजे ना दाजी!” यात एक तर्क होता. मी तर्काला फार लवकर वश होतो.

पुढचं काम मागच्यासारखं सोपं नसतं. पुढे असतो मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी हा बेत आखला. ती गाडी बाजारात आलीच नाही, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५०च्या सुमारास फोर्डच्या विलायती गाड्यांना त्याचा स्ट्रट लागला. कल्पना अशी, की शॉकअप, स्प्रिंग आणि चाक धरून ठेवणारा खांब हे तिघं एकच. जागा वाचते, भाग कमी लागतात, गाडी स्वस्त होते. म्हणून मारुती ८०० पासून पुढच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हाच असतो. तोटा एवढाच, की एकाच माणसाकडे तीन खाती दिली तर त्याला रजेवर पाठवताना तिन्ही बंद पडतात.

स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची २५ मिलीमीटर जाडीची चकती म्हणजे स्पेसर. तो बसवायचा तर स्ट्रट बाहेर काढायचा, स्प्रिंग शिकंज्यात दाबायची, वरचा नट सोडायचा, चकती घालायची आणि सगळं होतं तसं परत लावायचं. ‘होतं तसं’ या दोन शब्दांवर पुढचा अख्खा लेख उभा आहे.

स्पेसर विकणाऱ्या दुकानाबाहेर वडाच्या झाडाखाली एक मुलगा बसला होता. तोच फिटर. त्याने गाडी जॅकवर घेतली, दोन्ही चाकं काढली आणि एका कानाला फोन लावून दोन तासांत काम संपवलं. बोल्ट आवळताना चाकांकडची बाजू हवेत लोंबत होती. मी शेजारी चहा पीत उभा होतो. हे मी बघितलं आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गाडी खाली उतरली तेव्हा काय दिसत होती! मंगल कार्यालयात शेवटच्या रांगेतला माणूस अक्षता टाकताना टाचा उंचावून उभा राहतो ना, तशी. सोसायटीत लोक बाल्कनीत आले. मी बांधावरून न थांबता गेलो. चढताना काही नाही, पण उतरताना पुढून ‘टाक’ असा आवाज आला. गाडी इंचभर वर गेली म्हणजे शॉकअप आधीच इंचभर बाहेर आलेला, त्यामुळे चाकाला आणखी खाली उतरायला दोरीच उरली नव्हती. पण मला वाटलं, नवीन आहे, बसेल.

पुढच्या रविवारी साताऱ्याला निघालो.

कात्रजचा बोगदा पार होईपर्यंत सगळं ठीक. शिरवळच्या अलीकडे काटा ऐंशीवर गेला आणि गाडी पोहायला लागली. दुसरा शब्द नाही. मी स्टिअरिंग सरळ धरलेलं, गाडी आधी डावीकडे विचार करतेय, मग उजवीकडे. शेजारून ट्रक गेला की ती त्याच्याकडे झुकायची आणि तो गेल्यावर दचकून परत यायची. मी घट्ट धरलं तर जास्त, सैल धरलं तर वेगळंच.

गाडीत निदानं सुरू झाली. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही फोन बघताय का?” आई म्हणाली, निघताना नारळ फोडायला सांगितला होता. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या वेळच्या फिएटमध्ये असं होत नसे, तीत नुसती मळमळ होई. मागच्या खिडकीला टेकलेला मेहुणा म्हणाला, “दाजी, सेट व्हायला हजार किलोमीटर द्या.” हजार किलोमीटर ही मुदत गाडीत कुठलाही नवा भाग टाकला की देतात. तोवर माणसाला सवय होते आणि तो भाग सेट झाला असं समजतो.

खंबाटकीत वेग कमी, त्यामुळे पोहणं थांबलं. मात्र एका वळणावर स्टिअरिंग वळलं ते तिथेच राहिलं, मला ते हाताने ओढून आणावं लागलं. शिवाय डाव्या पुढच्या चाकातून, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की, ‘टंग’ असा तार तुटल्यासारखा आवाज. साताऱ्यात पोचल्यावर कोणीच कोणाशी बोललं नाही. कंदी पेढ्यांनीही वातावरण निवळलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी पुण्यातल्या माणसांच्या ज्ञानाचा अभ्यास केला.

पंपावरचा हवा भरणारा मुलगा म्हणाला, हवा कमी आहे, आणि चारही चाकांत पस्तीस मारली. तो सगळ्यांनाच पस्तीस मारतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने किती हवा भरायची त्याचा कागद चिकटवलेला असतो. तो मी बारा वर्षांत वाचला नव्हता, तर त्याने चाळीस सेकंदांत कशाला वाचावा? गाडी पोहायची ती आता उड्या मारत पोहू लागली.

ऑफिसातले एक जण म्हणाले, टायर रुंद टाका, गाडी रस्ता धरते. दुसरे म्हणाले, डिकीत पन्नास किलोची वाळूची पोती ठेवा. हे दुसरे गावाकडे ट्रॅक्टर चालवतात. तीनशे दोनमधल्या वकिलांना विचारलं तर त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. मग कलम १८२अ. फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी मनात दोन रबर आणि दोन स्पेसर मोजले. “पण स्पेसर म्हणजे कायद्यातला फेरफार होतो का हो?” असं घाबरत विचारलं. ते म्हणाले, “दोन्ही बाजूंनी बोलता येईल.” वकिलाला यापेक्षा आनंदाने उच्चारता येईल असं दुसरं वाक्य नसावं.

मग अलाइनमेंट सेंटर. इथे विज्ञान होतं. चाकांना आरसे बांधले, पडद्यावर माझ्या गाडीचा खालून काढलेला सांगाडा आला आणि त्याभोवती आकडे. बहुतेक लाल. पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी बोलणं सोडल्यासारखी बाहेर बघत होती. याला टो-आउट म्हणतात. गाडी उचलली की खालचे आर्म आणि टाय रॉड आपापल्या बिजागरीभोवती वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि चाकांची नजर बदलते. दोन्ही चाकं बाहेर बघत असली की रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर कधी एकाचं चालतं, कधी दुसऱ्याचं. टायरच्या आतल्या कडा मी हाताने चाचपल्या, खाल्ल्या गेल्या होत्या.

मुलाने टाय रॉड फिरवून टो हिरवा केला. कास्टर आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचं आत-बाहेर कलणं, लालच राहिले. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, “ते या गाडीत होत नाही सर. मशीन फक्त दाखवतं.” पैसे घेतले, रंगीत कागद दिला. गाडी थोडी सुधारली. म्हणजे पूर्वी विहिरीत पोहायची, आता तलावात.

पुन्हा गेलो. पुन्हा टो लाल. पुन्हा हिरवा. तिसऱ्या खेपेला तो मुलगा मला नावाने ओळखायला लागला आणि मी समजलो की आपण चुकीच्या ठिकाणी आलोय.

ज्या मिस्त्रीकडे शेवटी गेलो त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, आत फिएट पद्मिनीची एक दिसणारी आणि एक न दिसणारी बाजू. फिएट आणि ॲम्बॅसडरवर हयात गेलेली. दोन्हींना मागे पाटे. त्या काळी मागची बाजू बसली की पाटेवाल्याकडून एक पाटा वाढवून आणायचा, विषय संपला, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मी माझी कहाणी सुरू केली. गाडी पोहते, टंग वाजतं, स्टिअरिंग परत येत नाही. त्यांनी हात वर केला.

“साहेब, गाडीला काय झालं ते नंतर. गाडीला काय केलं ते सांगा.”

दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. आणि लाज अशी, की मीही स्वतःला विचारला नव्हता. मी फिटिंग विसरून दुखणं घेऊन फिरत होतो. पोट दुखतंय म्हणून डॉक्टर बदलायचे आणि काल काय खाल्लं ते सांगायचं नाही, त्यातला प्रकार.

मी रबर सांगितलं, स्पेसर सांगितला, वडाचं झाड सांगितलं. झाड ऐकल्यावर ते हसले.

आधी त्यांनी दाराच्या चौकटीवरचा कागद चष्मा लावून वाचला आणि हवा तेवढी उतरवली. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून टेप काढला. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंचं अंतर घेतलं आणि खडूने बोनेटवर लिहिलं. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर उंच निघाली. लाखो रुपयांच्या मशीनला जे तीनदा दिसलं नाही ते पस्तीस रुपयांच्या टेपला दिसलं. मशीनचा दोष नाही, त्याला कोणी तो प्रश्न विचारला नव्हता. मग ते वाकून आत बघत म्हणाले, “पोराने स्प्रिंगचं शेपूट खाचेत बसवलंच नाही.”

स्प्रिंगच्या खालच्या टोकाला बसायला खुर्चीत एक खाच केलेली असते. डाव्या स्प्रिंगचं टोक त्या खाचेबाहेर उकिडवं बसलं होतं. स्टिअरिंग फिरलं की ते सरकायचं आणि ‘टंग’. वरचं बेअरिंगही वाकडं बसल्यामुळे आवळलं गेलेलं, म्हणून स्टिअरिंग जिथे सोडलं तिथेच झोपायचं. मग त्यांनी लोअर आर्मच्या बुशावर बॅटरी मारली. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती चिकटवलेलं रबर. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच आपलं घर समजतं. गाडी जमिनीवर आली की त्याला पीळ पडतो आणि मग ते दिवसरात्र गाडीला आपल्या घरी ओढत राहतं. माझी दोन बुशं दोन महिन्यांत फाटली होती.

“म्हणून टो टिकत नव्हता,” ते म्हणाले. “पाय मुरगळलेल्या माणसाला नवे बूट घालत होता तुम्ही.”

मी विचारलं, शेपूट खाचेत बसवलं, बुश बदललं, तर स्पेसर ठेवता येईल का? त्यांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. म्हणाले, नीट बसवला तर गाडी चालेल. पण कलते जास्त, खाली उतरायला चाकाला जागा कमी, बॉल जॉइंट तिरपे चालणार. ज्याचा रोज कच्चा रस्ता आहे त्याने विचार करावा. “तुम्हाला कुठे जायचंय रोज?”

मी सांगितलं, बांधावरून.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, “बांध किती रुपयांत फुटंल?”

स्पेसर काढले. रबरं काढली. नवीन बुश, आणि त्यांचे बोल्ट आधी नुसते हाताने लावून, गाडी जमिनीवर घेऊन, बोनेटवर दोनदा वजन टाकून मग आवळले. शेवटी, अगदी शेवटी, अलाइनमेंट. त्यांनी आधी सुतळी ताणून बघितली, नंतर मला त्याच सेंटरवर पाठवलं. मुलाने मशीन लावलं आणि स्वतःच चकित झाला. एकदाच टो लावावा लागला, तो आजवर हिरवा आहे. स्टिअरिंग पुन्हा गोठ्याकडे येतं. परवा साताऱ्याला गेलो, ऐंशीला आई झोपली होती.

राहिला बांध. गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. मी विषयपत्रिकेत ‘गतिरोधक नियमाप्रमाणे १० सेंटीमीटर करणे’ असा विषय घातला होता, सोबत टेप आणि इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक घेऊन गेलो होतो. पण माझ्या टाचा उंचावलेल्या स्विफ्टचं कौतुक बाल्कनीतून बघून तोवर सोसायटीतल्या अकरा जणांनी स्पेसर टाकले होते. त्यांच्या गाड्या बांधावरून न थांबता जातात. तळमजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, आता मोटारीही भरधाव येतात, नातू खेळतो. चर्चा झाली. गतिरोधकाची उंची दोन इंच वाढवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरी म्हणून तो मीच लिहून घेतला. फट तेवढी आहे तशीच ठेवायची आहे, दूधवाल्याची तशी विनंती आली होती.

आमच्याकडे मंडळी पुन्हा बांधाच्या अलीकडे उतरतात. वॉचमन उठून उभा राहतो.

दोन स्पेसर आणि दोन रबरी कडी माझ्या बाल्कनीत कुंडीखाली ठेवली आहेत, स्थिती उत्तम. कोणाला हवी असल्यास घेऊन जावीत, पैसे नकोत. फक्त येताना गाडी फाटकाबाहेर लावा.